एंगेज लागणारा नंबर

१८ फेब्रुवारी

ठके,

हे माफीचं पत्र नाही. आधीच सांगते, म्हणजे तू उगीच शेवटपर्यंत आशेने वाचणार नाहीस. तुझ्या लग्नाच्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीत मी म्हणाले की साठीला आलेल्या बाईने चष्म्याचा नंबर बदलावा, घर बदलू नये. तुझ्या चष्मेवाल्यांच्या तोंडावर म्हणाले, ते चुकलं असेल. वाक्यात चूक नव्हती. तिथला कारकूनसुद्धा हसला होता.

विषय दुसराच आहे. आपल्या फोनचं बिल आलं आहे. आपल्या म्हणजे आता माझ्या. आकडा लिहीत नाही, तुझं ब्लडप्रेशर वाढेल. एवढंच सांगते की माझं वर्षाचं पेन्शन त्यांच्या हातावर ठेवलं तरी ते ‘बाकीचे कधी?’ असं विचारतील. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात घालवली, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले, स्वतःसाठी एक ट्रंक कॉल कधी फुकट लावला नाही. आणि ती मी म्हणे रोज सकाळी तासन् तास समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावर गप्पा मारत असते!

तडक कचेरीत गेले. बिलांचे साहेब म्हणून कोण बसलेला असावा? टाचणी! मी ज्याला हेडसेट कसा लावायचा हे शिकवलं, तो किडकिडीत पोरगा. आता त्याची टाचण्यांची उशी झाली आहे.

“मॅडम, बसा ना. घरात कोणी तरुण मुलगा वगैरे?”

“मी आहे आणि एक कुंडी आहे.”

“नाही, म्हणजे... हे नंबर जरा तसले असतात. रंगेल लोकांचे. मिनिटाला जबर दर लागतो, त्यातला वाटा तिकडच्या कंपनीला जातो.”

“सकाळी चहाच्या वेळेला?”

“माणसाचं काही सांगता येत नाही, मॅडम.”

तो रागावला असता तर मी परतफेड केली असती. पण त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं, ठके. एकटी राहणारी म्हातारी, करणार काय बिचारी, अशा नजरेने. मी पर्स उचलली आणि निघाले.

आता नीट वाच. घरात नवीन वस्तू एकच आली आहे, तो कॉम्प्युटर. तुझ्या चष्मेवाल्यांनी ‘ताईंना तेवढीच करमणूक’ म्हणून आणून ठेवलेला. बरेच महिने मी त्यावर चादर घालून ठेवली होती. मग लायब्ररीतल्या वर्गात जाऊन शिकले. तो टेलिफोनच्याच वायरवर चालतो. तेव्हा त्यांना विचार, त्यात त्यांनी काय भरून दिलं होतं? आपण त्यांच्या दुकानात माझा चष्मा करायला गेलो होतो. चष्मा मला मिळाला, माणूस तू घेऊन गेलीस. निदान त्याचं यंत्र तरी धड असावं.

मी त्यावर काय करते म्हणशील, तर पत्ते खेळते.

ताई

२ मार्च

ठके,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. शाळेत तुझे निबंधसुद्धा मीच लिहून द्यायचे आणि सिस्टर तुला शाबासकी द्यायच्या. तू बोलणारी, मी लिहिणारी.

चोर सापडला. तुझे चष्मेवाले निर्दोष आहेत. त्यांना हे कळव. किंवा नको, काही कळवू नकोस, मी आरोप केला होता हेही सांगू नकोस.

तुझ्या खोलीतलं जुनं फोनचं यंत्र आणून त्याच लाइनवर जोडलं. (खोली मी उघडत नसते. धूळ आत जाते.) कॉम्प्युटरला इंटरनेट लावायला सांगितलं आणि रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटले. प्रत्येक आकड्याचा सूर निराळा असतो. लोकांना ती नुसती टिवटिव वाटते, मला आकडे ऐकू येतात. इंटरनेटचा नंबर इथलाच, आखूड, लागला की संपला. हा संपेचना! आधी परदेशाचा कोड, मग त्या बेटाचा, मग त्याच्या मागे लांबलचक शेपूट. बिलावरचाच नंबर. माझ्या घरातून, माझ्यासमोर, माझं नाव लावून तो डबा परदेशी फोन करत होता, आणि मी चहा पीत बसलेली असायची.

कसं झालं ते सांगते. मी एक छोटा प्रोग्राम घेतला होता. फुकट मिळत होता. कसला, ते महत्त्वाचं नाही. तो घेताना पडद्यावर एक चौकट आली: जोडायचं का? हो किंवा नाही. ठके, जन्मभर लोक मला म्हणाले ‘जोडून द्या’ आणि मी जोडून दिलं. कोणाला, कशाला, हे विचारायची आम्हाला मुभा नव्हती, आणि नाही म्हणायची तर नव्हतीच. बोट आपसूक ‘हो’वर गेलं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. मी तेही वाचलं. वाचून त्यातल्या व्याकरणाच्या चुका काढल्या, नाक मुरडलं आणि मजकूर सोडून दिला. कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचा हा उपयोग.

त्या प्रोग्रामने नेहमीचा नंबर बाजूला सारून स्वतःचा बसवला. आणि आणखी एक केलं. पूर्वी इंटरनेट लागताना तो डबा शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळायचा. तो आवाज बंद झाला. मला केवढं बरं वाटलं होतं! म्हटलं, चला, यंत्राला शिष्टाचार आला. लाइन मुकी झाली की आधी बिघाड शोधायचा, हे मी शेकडो पोरींना शिकवलं. माझी मुकी झाली तर मी आभार मानले.

पडद्यावरची खिडकी बंद केली तरी जोडणी तुटत नव्हती. कॉम्प्युटर बंद करेपर्यंत मीटर पळत असायचा. आणि मी तो सकाळभर चालूच ठेवायची.

आता भिंतीतली वायर काढून टाकली आहे. घर फार शांत झालं आहे. म्हणजे होतंच.

ताई

२० मार्च

ठके,

हे सगळं टाचणीला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मशीन म्हणतं कॉल झाला.”

“झालाच. मी कुठे नाही म्हणते? चोरानेही माझंच दार उघडलं, म्हणून ती माझी वर्दळ होत नाही.”

“पण हो तर तुम्हीच दाबलं ना?”

या माणसाला मी शिकवलं होतं. शिकवताना काही राहिलं असणार.

रांगेत माझ्यामागे एक शिलाईवाली होती. चाळिशीची, गळ्यात टेप तशीच लटकलेली. मशीनवरून उठून आली असावी. तिचं बिल माझ्यापेक्षा कमी, पण तिच्यासाठी जास्त. तिने कॉम्प्युटर भरतकामाचे नमुने उतरवून घ्यायला आणला होता. तिलाही ‘फुकट’ने गाठलं.

“बिलाचं नाही हो काही,” ती म्हणाली, “फेडीन चार वर्षं. पण नवऱ्याला वाटतंय माझं बाहेर कुठेतरी आहे. बेटावर! मी म्हटलं, अरे, मला बाजारात जायला वेळ नाही, मी बेटावर कुठे जाऊ?”

“मग काय म्हणाला?”

“म्हणतो, बोलायला जावं लागत नाही. पोरांना घेऊन भावाकडे गेलाय.”

मी हसले नाही. ती हसली, पण तिथल्या बाकावर बसल्यावर तिचा चेहरा निराळा झाला. मी तिच्या घरी जाऊन तिच्या कॉम्प्युटरवर तीच तपासणी केली. तसाच शेपूटवाला नंबर, तेच मुकेपण. मग तिच्या नवऱ्याला पत्र लिहिलं, सुपरवायझर (निवृत्त) म्हणून सही केली. तो परत आला नाही. त्याने निरोप पाठवला, कंपनीने लिहून दिलं तर मानीन.

तेव्हा आम्ही दोघींनी तक्रार निवारण समितीकडे अर्ज केला आहे. पहिले दोन अर्ज आमचे. ते मान्य झाले तर इतरांना वाट मिळेल.

दरम्यान एक शोध लागला. परदेशी आणि महागड्या नंबरांना कुलूप घालता येतं. फुकट! नुसता अर्ज करायचा. ही सोय आहे हे कंपनीने कोणालाही सांगितलेलं नाही. मिठाईवाला मधुमेहाचं व्याख्यान कशाला देईल? म्हणून मीच एका पुठ्ठ्यावर लिहिलं आणि कचेरीच्या व्हरांड्यात बसते. ज्याच्या घरी कॉम्प्युटर असेल त्याला सांगते: आजच कुलपाचा अर्ज द्या. काम झालं की वायर भिंतीतून काढा. डबा किंचाळायचा थांबला तर खूश होऊ नका. आणि फुकट देणाऱ्याने काही विचारलं तर आधी ‘नाही’ दाबा, मग विचार करा.

लोक थांबतात. कोणी मला वेडी समजतं, कोणी बसायला खुर्ची आणून देतं. दुपारपर्यंत बोलून घसा बसतो. बऱ्याच दिवसांनी बसला.

ताई

५ एप्रिल

ठके,

आज दाढेसाठी शेजारच्या दातवाल्या बाईंकडे गेले होते. माझ्या तोंडात दोन हत्यारं आणि कापूस घालून झाल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, आता सांगूनच टाकते. तुमच्या बहिणीचा मला फोन आला होता.”

मी काय बोलणार? आ वासलेलाच होता.

“हिवाळ्यात. तुम्ही बऱ्या आहात ना, विचारत होत्या. म्हणाल्या, मी रोज सकाळी फोन लावते, हे दुकानात गेले की. रोज एंगेज. ताईने रिसीव्हर काढून ठेवलाय, मला कळलं. मी फोन केलेला तिला सांगू नका म्हणाल्या, म्हणून मी बोलले नाही. मग थांबल्या वाटतं.”

ठके. मूर्ख बाई.

भांडण झालं की मी रिसीव्हर काढून ठेवायची, हे खरं. एकदा मामांशी भांडून दोन दिवस ठेवला होता. पण तुझ्यासाठी ठेवीन, असं तुला वाटलं? आणि वाटलं तर पत्र टाकता येत नव्हतं? ‘ताई, रिसीव्हर जाग्यावर ठेव’ इतकंच? त्यात कुठलं जोडाक्षर तुला अवघड होतं?

मी घरी येऊन तुझ्यावर खूप ओरडले. कुंडीने ऐकलं.

आता तो प्रोग्राम कसला होता ते सांगते, नाहीतर तुला हे नीट कळणार नाही. हवामानाचा होता. जगातल्या कुठल्याही गावाचं नाव घालायचं, पडद्याच्या कोपऱ्यात तिथलं आभाळ दिसतं. किती गार, किती वारा. मी तुमच्या गावाचं नाव घातलं होतं. सकाळी चहा घेऊन बसायचं आणि बघायचं, आज तिकडे धुकं आहे, ठकीच्या छातीला सोसत नाही, मफलर घेतला असेल का. दुपारी उन्हाचं चित्र आलं की बंद करायचं. पत्ते मी खेळत नाही, मला येत नाहीत.

म्हणजे सकाळभर तू मला फोन लावत होतीस आणि सकाळभर मी तुझं आभाळ बघत लाइन अडवून बसले होते. फोन वाजत नाही तो कोणी करत नाही म्हणून, असं मी धरून चालले होते. दुसरं कारण असू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता लाइन मोकळी आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. बिलाचा वाद असल्यामुळे त्यांनी माझे बाहेर जाणारे फोन बंद केले आहेत, पण येणारे येतात. मी व्हरांड्यात आता दुपारनंतर जाते. सकाळी घरीच असते.

ताई

२९ एप्रिल

ठके,

फोन आला नाही. तुझा आला नाही, असं म्हणते. एकदा चुकीचा नंबर लागला होता, कोणीतरी गिरणीची चौकशी करत होता. मी त्याला गिरणीचा नंबर शोधून दिला.

टाचणी घरी येऊन गेला. येताना संत्री आणली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गिळायला लावणार.

“मॅडम, मी वर बोललो. तुमचं जवळजवळ सगळं बिल माफ होईल. उरलेलं हप्त्याने भरा. फक्त इथे एक सही.”

कागदावर लिहिलं होतं: सदर कॉल माझ्या माहितीने व संमतीने झाले.

“नाही केली तर?”

“मुदत दहा मेपर्यंत आहे. दहाला दुपारी लाइन कायमची बंद होणार. नंबर दुसऱ्याला जाणार. तक्रार चालू राहील, पण नंबर परत मिळत नाही. नियम तुम्हाला माहीत आहेत, मॅडम. तुम्हीच शिकवलेत.”

“आणि सही केली तर त्या शिलाईवालीच्या अर्जाचं काय?”

त्याने एक संत्रं उचलून परत ठेवलं. मग खरं बोलला, एवढं त्याच्या बाजूने लिहिते. “समितीपुढे हा कागद ठेवतील. एक्स्चेंजची सुपरवायझरच कबूल करते की संमती होती, तर शिलाईवाली कोण लागून गेली?”

सहीसाठी आणलेलं पेन तो विसरून गेला. मुद्दाम विसरला असेल.

तुला ठाऊक आहे का, तुझ्याकडे माझा एवढा एकच नंबर आहे. हे घर घेतल्यापासून तोच आहे. आई गेली ते तू त्याच नंबरावर ऐकलंस. तुला स्वतःचा वाढदिवस सांगताना अडखळायला होतं, पण तो नंबर झोपेत विचारला तरी म्हणशील. उद्या माझ्यावरचा तुझा राग उतरला तर तू पेन हातात घेणार नाहीस, बोट फिरवशील. आणि पलीकडे कोणीतरी परकं म्हणेल, ‘रॉंग नंबर’.

सही म्हणजे दोन सेकंदांचं काम. कागद टेबलावर आहे. मी त्याच्याभोवती जेवते.

दहा तारखेपर्यंत लाइन चालू आहे, हे पुन्हा लिहिते.

ताई

१२ मे

ठके,

मी सही केली नाही.

सात तारखेपर्यंत मी करणारच होते. तुला खोटं का सांगू? पेन उघडलं होतं. शिलाईवालीला आधी सांगावं, पाठीत सुरा नको, म्हणून तिच्याकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “करा ताई. तुमची बहीण आहे. माझा नवरा काय, आज ना उद्या जेवायला येईलच.” असं म्हणून मशीन चालवायला लागली. तिच्या मशीनमध्ये दोरा ओवलेला नव्हता. ती कापडावरून नुसती सुई चालवत होती.

घरी आले आणि कागद फाडला. बरं वाटलं नाही. चांगलं काम केलं की आत दिवा लागतो असं सिस्टर सांगायच्या. काही लागला नाही. मी खूप वेळ फोनजवळ बसून राहिले.

दहा तारखेला सकाळपासून तिथेच होते. न्हाणीघरातसुद्धा दार उघडं ठेवून गेले. दुपारी, मी घड्याळ बघणं सोडून दिल्यावर, फोन वाजला.

मी ‘हॅलो’ म्हणाले. पलीकडे कोणी बोलेना. लांबच्या लाइनला एक पोकळी असते, ती होती. श्वास होता. त्यात थोडी घरघर होती, धुक्याने होते तशी. मी पुन्हा हॅलो म्हणाले नाही. का म्हणाले नाही? ज्याने फोन लावला त्याने बोलायचं, अशी आमच्या एक्स्चेंजमध्ये रीत होती. पण ते कारण नव्हतं. तोंड उघडलं असतं तर मी तुला रागावले असते. दुसरं काही तोंडात येतच नव्हतं.

मग मागून एका पुरुषाचा आवाज आला. “अगं, बोल ना. ताई आहेत ना? मग बोल.” किती हळू बोलतात गं ते.

आणि लाइन गेली.

तू ठेवलास की त्यांनी कापली, हे मला कळलं नाही. लाइनवर जन्म काढलेल्या बाईला एवढं कळू नये! नंतर किती वेळ रिसीव्हर कानाला लावून होते. त्यात काहीच नव्हतं, मोकळ्या लाइनचा सूरसुद्धा नाही.

समितीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. आम्हाला अजून सहा जण येऊन मिळाले आहेत. जिंकू की हरू, माहीत नाही. टाचणी म्हणतो, हराल.

आता तो नंबर लावू नकोस. तो माझा राहिला नाही.

एक्स्चेंजच्या चौकशीला विचारून तुमचा नंबर मी केव्हाच काढू शकले असते. तिथे अजून माझ्या हाताखालच्या मुली आहेत. पण तसा नको, तू दिलेला हवा. तुझ्या लग्नात तू मला तो एका चिठ्ठीवर लिहून देत होतीस आणि मी पर्स उघडली नाही. पोस्टकार्डावर नुसते आकडे लिही. बाकी काही लिहायला नको.

दातवाल्या बाईंच्या दवाखान्यातून मी फोन करेन, रविवारी सकाळी. तुमचं दुकान त्या दिवशी बंद असतं ना? त्यांनी उचलला तरी चालेल. मी बोलेन.

तुझी,
ताई